दहा वर्षं, नऊ वह्या: क्रिकेटवेड्या मामाजींच्या नोंदींची दशकपूर्ती कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका भाचीने विचारलंय: तिचे मामाजी ऑक्टोबर २०१५ पासून विदर्भाच्या क्रिकेटची नोंद ठेवतात. हंगामाला एक दोनशे पानी लाँगबुक. त्यात हाताने आखलेले धावफलक, शेरे, पेपरमधली कात्रणं आणि शहराबाहेरच्या जामठ्याच्या स्टेडियमवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची तिकिटं चिकटवलेली. दहा वर्षं झाली म्हणून घरच्यांना एक पुस्तिका, वह्यांचं छोटं प्रदर्शन आणि संध्याकाळचा कार्यक्रम करायचाय. हाताशी तीन महिने आहेत. कात्रणं पिवळी पडलीत, काही तिकिटं कोरी झालीत आणि वह्या दहा नव्हे, नऊच सापडतात. दहावी आपल्याच हातून हरवली की काय या धास्तीने मामाजींना अजून काही सांगितलेलं नाही. सगळं सरप्राइज ठेवायचा बेत आहे.

वही बहुधा हरवलेली नाही. २०१५-१६ ते २०२४-२५ मोजले तर हंगाम दहा भरतात, पण रणजी करंडक त्यातले नऊच हंगाम खेळला गेला. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे स्पर्धा झालीच नाही. १९३४-३५ पासून चालत आलेल्या रणजीत असा खंड त्याआधी कधी पडला नव्हता. त्या हंगामात सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे या मर्यादित षटकांच्या स्पर्धा तेवढ्या २०२१ च्या सुरुवातीला उरकल्या. एवढ्यासाठी नवी वही कोण घालतो? २०१९-२० च्या वहीची शेवटची वीस-पंचवीस पानं उघडून पाहा. तो हंगाम मार्च २०२० च्या मध्यात संपला, म्हणजे वहीत कोरी पानं उरलेलीच असणार. २०२०-२१ च्या नोंदी तिथे, नाहीतर २०२१-२२ च्या वहीच्या सुरुवातीला सापडतील. निमंत्रणावर आणि पुस्तिकेवर मात्र "दहा रणजी हंगाम" छापू नका. क्रिकेट पाहणारा माणूस ते पहिल्या मिनिटात पकडेल. "दहा वर्षं, नऊ रणजी हंगाम" हेच बरोबर आहे.

सरप्राइजचा बेत सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा वह्यांत प्रत्येकाची आपली चिन्हं असतात. कुणी सुटलेल्या झेलाला फुली मारतो, कुणी फिरकीच्या षटकाखाली रेघ ओढतो, कुणी चेंडू जुना झाल्यावर समासात ठिपका देतो. त्यांचा अर्थ लिहिणाऱ्याशिवाय कुणालाच लागत नाही. कार्यक्रमाची तारीख, पाहुणे, पुस्तिकेचं मुखपृष्ठ हे लपवून ठेवा. पण "मामाजी, वह्यांची यादी करतेय, जरा बसता का माझ्याजवळ" एवढं सांगून त्यांना रोज अर्धा तास घ्या. पहिल्याच बैठकीत खुणांचा तक्ता करून घ्या. एका बाजूला खूण, समोर अर्थ, आणि ती खूण कोणत्या वहीपासून वापरायला लागले. दहा वर्षांत खुणा बदलतात. २०१६ ची फुली आणि २०२३ ची फुली एकच अर्थाची असेल असं धरून चालू नका.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्रमांक, मग फोटो, मग सफाई. सफाई आधी केली तर सुटलेलं कात्रण कोणत्या पानाचं होतं हे कळायला मार्ग राहत नाही. वहीला क्रमांक द्यायचा तो आतल्या पुठ्ठ्यावर, खालच्या कोपऱ्यात, एचबी पेन्सिलने. पानांचे क्रमांकही पेन्सिलनेच. बॉलपेन किंवा मार्कर नको. मार्करची शाई पानामागे उतरते. सुटी कात्रणं निघाली तर ज्या दोन पानांत सापडली त्या पानांचे क्रमांक कात्रणाच्या मागच्या कोपऱ्यात बारीक लिहा.

मग संगणकावर साधा तक्ता उघडा. रकाने एवढे पुरेत: वही, पान, तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, मैदान, निकाल, कसा पाहिला, पडताळणी झाली का, शेरा. यातला "कसा पाहिला" हा रकाना कुणी करत नाही आणि सगळ्यात मोलाचा तोच असतो. मामाजी स्वतः मैदानावर होते, टीव्हीवर पाहिलं, मोबाइलवर धावसंख्या पाहत बसले, की दुसऱ्या दिवशी पेपरवरून उतरवलं, हे प्रत्येक सामन्यासमोर यायला हवं. २०१६-१७ ची वही याचं चांगलं उदाहरण ठरेल. त्या वर्षी रणजीचे सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर झाले, म्हणजे विदर्भाचा संघ नागपुरात रणजी खेळलाच नाही. त्या वहीत मामाजींचा "वारा पॅव्हेलियनकडून होता" असा शेरा दिसला तर तो कुठून आला हे विचारा. एकतर ते बाहेरगावी गेले होते, नाहीतर तो सामना विदर्भाचा नाही. दोन्ही गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत.

तारखांतही फसगत होते. २०१७-१८ ची अंतिम लढत इंदूरला होळकर स्टेडियमवर २९ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली आणि विदर्भाने पहिला रणजी करंडक १ जानेवारी २०१८ ला उचलला. वहीत कुठे २०१७ असेल, कुठे २०१८; दोन्ही खरंच आहे. तक्त्यात हंगाम एका रकान्यात आणि सामन्याची सुरुवातीची तारीख दुसऱ्यात ठेवा, म्हणजे क्रम लावताना गोंधळ होणार नाही.

आता पडताळणी. पुस्तिकेत छापायचे धावफलक तपासल्याशिवाय छापू नयेत. हाताने उतरवलेल्या फलकात चुका असतातच. मैदानावर बसून ऊन डोक्यावर घेत लिहिलेल्या वहीत तर हमखास. तपासणीच्या तीन बेरजा आहेत आणि तिन्ही जुळल्या तरच पान पक्कं समजायचं.

पहिली सोपी: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर (बॅटीतून न आलेल्या धावा) म्हणजे संघाची धावसंख्या. दुसरीत लोक अडकतात. गोलंदाजांनी दिलेल्या धावांत वाइड आणि नोबॉल (गोलंदाजाच्या चुकीच्या चेंडूंच्या धावा) धरलेले असतात, बाय आणि लेगबाय (चेंडू बॅटला न लागता मिळालेल्या धावा) नसतात. म्हणून गोलंदाजांच्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय अधिक दंडाच्या धावा यांची बेरीज धावसंख्येएवढी यायला हवी. समजा फलंदाजांच्या २३१, अवांतर १९, एकूण २५०. अवांतरात बाय ६, लेगबाय ५, वाइड ३, नोबॉल ५. तर गोलंदाजांच्या रकान्याची बेरीज २३१ अधिक ८, म्हणजे २३९ यावी. त्यात ११ मिळवले की २५०. तुमच्या वहीत ती २५० येत असेल तर बाय-लेगबाय गोलंदाजाच्या नावावर चढलेत. २३१ येत असेल तर वाइड-नोबॉल सुटलेत. फरक नेमका पाचाचा असेल तर दंडाच्या धावा पाहा. यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच धावा मिळतात आणि त्या कुणाही गोलंदाजाच्या खात्यात जात नाहीत. फरक चारचा किंवा सहाचा असेल तर एखादा चौकार किंवा षटकार एकाच बाजूला लिहिला गेलाय.

तिसरी बेरीज बळींची. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद म्हणजे पडलेले गडी. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या पहिल्या डावात करुण नायर ८६ वर धावबाद झाला. तिथे केरळच्या गोलंदाजांच्या बळींची बेरीज नऊच येते, आणि ती बरोबर आहे. दहा भरवण्यासाठी कुणाच्या नावावर एक बळी वाढवलेला दिसला तर ती चूक समजा. षटकं मोजताना वाइड आणि नोबॉलचे चेंडू धरायचे नाहीत हेही लक्षात असू द्या.

काही ठिकाणी चूक नसताना चूक वाटते. इंदूरच्या त्याच अंतिम सामन्यात दिल्लीच्या २९५ आणि २८०, विदर्भाच्या ५४७ आणि एक गडी गमावून ३२. हिशेबाने जिंकायला २९ हव्या होत्या, मग ३२ कशा? लक्ष्य पार करणारा फटका सीमेपार गेला की पूर्ण चार धावा मोजल्या जातात. ते पान कुणी "दुरुस्त" करू नये. उलट २०१८-१९ ची अंतिम लढत सरळ उतरते: विदर्भ ३१२ आणि २००, सौराष्ट्र ३०७ आणि १२७, ५१२ उणे ४३४, विजय ७८ धावांनी. फेब्रुवारी २०१९ मधल्या जामठ्याच्या त्या पानावरच्या बेरजा जुळल्या नाहीत तर वहीतली एखादी ओळ सुटली असं नक्की समजा.

शब्दांतही नेमकेपणा हवा. २ मार्च २०२५ ला विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला, पण सामना जिंकला नव्हता. ३७९ विरुद्ध केरळच्या ३४२, म्हणजे पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी, आणि सामना अनिर्णित. बहुतेकांच्या वह्यांत निकालाच्या रकान्यात "विजयी" असं असतं. पुस्तिकेत "अनिर्णित, पहिल्या डावातील आघाडीवर विजेतेपद" असं लिहा. हॅटट्रिकही (लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी) सुटतात, विशेषतः दोन षटकांत विभागलेल्या. जामठ्यालाच १० नोव्हेंबर २०१९ ला दीपक चहरने बांगलादेशविरुद्ध ३.२ षटकांत ७ धावांत ६ बळी घेतले. त्यातली हॅटट्रिक एका षटकाच्या शेवटच्या चेंडूला सुरू होऊन त्याच्या पुढच्या षटकाच्या पहिल्या दोन चेंडूंवर पुरी झाली. षटकाषटकाने चौकटी आखणाऱ्याच्या वहीत ती एका नजरेत दिसत नाही. तपासताना गोलंदाजाची ओळ आडवी वाचत जा.

चूक सापडली की काय करायचं? मूळ वहीत काहीही करायचं नाही. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, समासात तुमच्या अक्षरात दुरुस्तीही नाही. तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात "वहीत २४६, बरोबर २५०, बाय ४ सुटले" असं लिहा आणि पुस्तिकेत बरोबर आकडा छापा. वही हा त्या दिवशी त्या माणसाने काय पाहिलं याचा पुरावा आहे. बेरीज चुकली तिथे कदाचित शेवटची जोडी खेळत होती आणि मामाजी उभे राहून बघत होते. वहीतल्या त्या पानाला हात लावला की तेच पुसलं जातं.

कागदाकडे वळू. वर्तमानपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेड आणि उष्णतेने पिवळं-तपकिरी पडतं, आम्ल तयार होतं, कागद घडीवर तुटतो. शेजारच्या वहीच्या पानावरही कात्रणाच्या आकाराची तपकिरी सावली उतरते. ती तुम्हाला दिसलीच असेल. पिवळेपणा घरच्या घरी परत जात नाही, ब्लीच वगैरेचे उपाय तर अजिबात करू नका. वेग तेवढा कमी करता येतो. प्रत्येक कात्रणासमोर वहीच्या पानाएवढा कोरा आम्लमुक्त कागद घाला. कलासाहित्याच्या दुकानात "अ‍ॅसिड फ्री" म्हणून विचारा. सुटी कात्रणं पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं टाळा. त्यातलं रसायन छपाईची शाई ओढून घेतं आणि अक्षरं प्लॅस्टिकला चिकटतात.

सेलोटेप आधीच लावलेली असेल तर ओढू नका. जुनी टेप कोरडी होऊन स्वतःच निघाली असेल तर पट्टी बाजूला काढा, चिकट तपकिरी डाग तसाच राहू द्या. नवीन चिकटवायचं असेल तर फोटो-कॉर्नर वापरा, डिंक किंवा फेव्हिकॉल नको. घरची मैद्याची खळ तेवढी निरुपद्रवी, पण ती कसरीला बोलावते. आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत कागदाला घातक आहे. तांब्याचे क्षार कागदाचं विघटन वाढवतात. जंगलेल्या स्टेपल पिना नखाने उचकू नका. मागून दोन्ही पाय बोथट सुरीने सरळ करा, मग पुढून उचला.

कोरी झालेली तिकिटं हा वेगळा प्रकार आहे. ती थर्मल कागदावरची असतात, ज्यावर शाई नसतेच. उष्णतेने काळा होणारा थर असतो. तोच थर पुढे उन्हाने, तेलकट हाताने, प्लॅस्टिकमधल्या रसायनाने आणि टेपच्या चिकटाने फिका पडतो. आता जे वाचता येतं त्याचा फोटो आजच काढा. फिक्या तिकिटावर संगणकात कॉन्ट्रास्ट वाढवला की बऱ्याचदा आसनक्रमांक आणि तारीख दिसते. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: थर्मल तिकीट गरम लॅमिनेशनला देऊ नका. यंत्रातून बाहेर येतं ते काळं ठिक्कर पडलेलं, आणि ते परत मिळत नाही. सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे घाईत टाकलं की तो विचारणार नाही, मशीनमध्ये सारेल. १५ मार्च २०१६ ला जामठ्याला भारत न्यूझीलंडविरुद्ध ७९ धावांत आटोपला, त्या सामन्याचं तिकीट कुणी जपलं असेल तर ते लॅमिनेट नको, आम्लमुक्त कागदात गुंडाळून अंधारात ठेवा.

नागपुरात साठवणीचे दोन मोठे शत्रू आहेत आणि लोक त्यातला एकच ओळखतात. पहिला माळा. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो, कागद कोरडा होऊन ठिसूळ होतो आणि थर्मल तिकिटं तिथेच मरतात. दुसरा कूलर. एप्रिल ते जूनमध्ये ज्या खोलीत वाळ्याचा कूलर चालतो तिथली हवा ओली असते. त्याच्या झोतासमोरच्या कपाटात ठेवलेल्या वह्यांची पानं लाटांसारखी फुगतात, जेल पेनची शाई पसरते, आणि पावसाळा लागण्याआधीच बुरशीचा वास येतो. वह्या ठेवायच्या त्या कूलर नसलेल्या, आतल्या बाजूच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात. खालचा खण वाळवी आणि पाणी यांच्यासाठी असतो असं समजा. वह्या भिंतीपासून चार बोटं पुढे, आडव्या, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. डांबरगोळ्या कागदाला लागता कामा नयेत. खरं तर नकोतच. कसर दिसली तर वही पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधा आणि आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव बसतं. बुरशी असेल तर उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली वाळवा आणि मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका.

स्कॅनिंगला फार वेळ घालवू नका, पण नीट करा. पानांना ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), तिकिटांना आणि बारीक अक्षराला ६००. नऊ वह्यांची अठराशे पानं, पानाला साधारण तीन एमबी धरली तर साडेपाच जीबी होतात. एक पेनड्राइव्ह पुरतो, पण प्रती तीन करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. मोबाइलने काढणार असाल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, फोन पानाला समांतर धरून. वही जबरदस्तीने सपाट दाबू नका, पाठ फुटते; दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल द्या. फाइलचं नाव "हंगाम-वही-पान" असं, पान तीन अंकी. नाहीतर पान १० हे पान २ च्या आधी येऊन बसतं. एखादा डाव दोन-तीन पानांत सांडलेला असतो. मार्च २०१८ च्या इराणी सामन्यात (रणजी विजेता विरुद्ध शेष भारत) विदर्भाने सात गडी गमावून ८०० वर डाव घोषित केला, वसीम जाफरच्या एकट्याच्या २८६. तो कुठल्याच लाँगबुकाच्या एका पानात मावणारा नव्हे. अशी पानं सलग आहेत ना, हे तक्त्यावरून ताडून पाहा.

पुस्तिका ए५ आकाराची, ४८ पानांची करा. मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चाराच्या पटीत लागते, आणि ६४ च्या पुढे आतली पानं बाहेर सरकतात. ४८ असे भरतात: शीर्षक आणि मुद्रणाचा तपशील २, मामाजींचं मनोगत २, खुणांचा तक्ता २, नऊ हंगाम प्रत्येकी ४ म्हणजे ३६, २०२०-२१ ची २, मैदानं आणि सामन्यांची सूची ४. हंगामाच्या चार पानांत एक पान मूळ वहीचं चित्र, एक तपासलेला धावफलक, एक मामाजींचे शेरे टंकून, एक हंगामाचा गोषवारा. लाँगबुकाचं पान ए५ वर लहान होतं, पेन्सिलीचं अक्षर तर दिसेनासंच होतं. म्हणून पूर्ण पान देण्याचा हट्ट न धरता त्यातला एक तुकडा मूळ आकारात द्या. विदर्भाचा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने २०२४-२५ मध्ये एका रणजी हंगामात सर्वाधिक ६९ बळींचा विक्रम केला. त्या हंगामातलं त्याच्या एखाद्या षटकाची नोंद असलेलं चार ओळींचं चित्र पूर्ण पानापेक्षा जास्त बोलतं.

शेरे टंकताना मामाजींची भाषा बदलू नका. "आज बॉल लई वळला" असेल तर तसंच. आकडे तेवढे तपासलेले. विदर्भाच्या हरलेल्या सामन्यांनाही जागा द्या. मार्च २०२४ चा वानखेडेवरचा पराभव, मुंबईकडून १६९ धावांनी, ५३८ चा पाठलाग करताना ३६८, हे पान गाळलं तर पुस्तिका लंगडी होईल. उलट, मामाजींनी न पाहिलेला नागपूरचा सगळा इतिहास भरायचा मोह आवरा. १९६९ ची पहिली कसोटी, १९८७ च्या विश्वचषकातली चेतन शर्माची हॅटट्रिक हे नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. पण ते या वह्यांत नाहीत. मनोगतात मामाजींनी आठवण काढली तर येऊ द्या.

कात्रणांची चित्रं मात्र छापू नका. बातमी आणि छायाचित्र यांवर वर्तमानपत्राचा आणि छायाचित्रकाराचा हक्क असतो. घरच्या वहीत चिकटवणं वेगळं, छापून वाटणं वेगळं. धावसंख्या हे तथ्य आहे, ते तुमच्या शब्दांत देता येतं. फोटो घरच्यांनी काढलेलेच वापरा.

कागद आत १०० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्ड. शंभरेक प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. ऑफसेटचा विचार काहीशे प्रतींच्या पुढे. मजकूर युनिकोडमध्येच टंका. प्रेसवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला की जोडाक्षरं तुटतात, "ऱ्या" चं भलतंच होतं, आणि धावफलकातले आकडे रकान्याबाहेर जातात. फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ द्या, चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) सोडा, आणि शंभर छापण्याआधी एक प्रत खऱ्या कागदावर पिन मारून मागा. ती मामाजींना नव्हे, क्रिकेट न कळणाऱ्या घरातल्या कुणाला वाचायला द्या. छपाईच्या चुका त्यांनाच सापडतात.

कार्यक्रमाची तारीख ठरवताना दोन वेळापत्रकं पाहा. एक विदर्भाच्या घरच्या सामन्यांचं: मामाजींचे सोबती त्या दिवशी वर्धा रोडवर जामठ्याच्या वाटेवर असतील, हॉलमध्ये नाही. रणजीचा हंगाम आता दोन टप्प्यांत विभागलेला असतो, मधल्या दिवसांत तारीख घ्या. दुसरं विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचं. त्या आठवड्यांत सिव्हिल लाइन्सकडचा रस्ता आणि हॉल दोन्ही मिळणं कठीण.

प्रदर्शनात मूळ वह्या पाच-सहाच ठेवा, बाकी छापील प्रती. उघडी वही पुठ्ठ्याच्या उतारावर, १२० अंशांपेक्षा जास्त न उघडता, वर ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची पाटी. भिंतीवरचे फलक ए३, मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, चित्राखालची अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत. येणारे बहुतेक जण चष्मेवाले असतील. टाचण्या मूळ कागदात अजिबात नाहीत. पंख्याचा झोत पाहून घ्या. आणि तर्री-पोहे वह्यांच्या टेबलापासून लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत. तर्रीचं तेल कागदात उतरलं की निघत नाही, आणि लोक एका हातात प्लेट घेऊनच वही उलटायला येतात.

भाषणं दोन पुरेत. त्याऐवजी मामाजींना तीन पानं वाचू द्या, एकेक पाच-सहा मिनिटांचं. एक ते मैदानावर होते ते, एक हरलेलं, एक ज्यात त्यांनी काहीतरी पकडलं जे धावफलकात नाही. वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. फोन टेबलावर न ठेवता कॉलरजवळ साधा क्लिपचा माइक लावा, कारण हॉलमध्ये पंख्यांचा आवाज सगळं गिळतो.

राहिली २०२०-२१ ची दोन पानं. ती टंकू नका. छपाईला जायच्या आधी मामाजींना ए५ चे दोन कोरे कागद द्या आणि रणजी नसलेल्या त्या हिवाळ्यात ते काय पाहत होते ते त्यांच्या अक्षरात, काळ्या शाईने लिहून घ्या. ६०० डीपीआयवर स्कॅन करून जसंच्या तसं लावा. आणि चालू हंगामाचं नवं लाँगबुक आणलं असेल तर आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने "वही १०" लिहा, पहिल्या पानावर खुणांचा तक्ता उतरवून घ्या.